व्यवसाय : विवाहित स्त्री

खुनी कोण हे आधीच माहीत असताना तीच मालिका तिसऱ्यांदा बघणाऱ्या बायका तुमच्याही ओळखीत असतील. आमच्या वसईत तरी आहेत. सासूबाईंच्या गोळ्या देऊन झाल्या, सकाळच्या डब्याची भाजी निवडून झाली, ओटा पुसून झाला की त्या मोबाइल डब्याला टेकवून उभा करतात. पडद्यावर विणकामाच्या सुया घेऊन एक इंग्रज म्हातारी बसलेली असते. मिस मार्पल तिचं नाव. कुणाला ती आवडते, तर कुणाला अंड्याच्या आकाराच्या डोक्याचा, मिशांची टोकं जपणारा तो बेल्जियन गुप्तहेर, हर्क्युल पॉयरो. या मालिका तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या. त्यात मारामारी नाही, गाड्यांचा पाठलाग नाही, रक्तसुद्धा जेमतेम दिसतं. एक खेडं, एक चर्च, फादरचं घर, बाग आणि चहाची किटली. खरं तर आमच्या पापडी-गिरीजच्या बायकांना हे फार परकं वाटू नये. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात पाच मिनिटं उभं राहिलं की गावातली कुठली बातमी कुठे पोचली ते आपल्यालाही कळतंच!

पण या मालिका अजून का बघितल्या जातात, याचं मला पटलेलं कारण वेगळं आहे. त्यात बारीकसारीक गोष्टींना किंमत असते. चहाचा कप कुठे ठेवला होता, पडदा कुणी ओढला, मोलकरीण आज का गप्प होती, ताटातलं काय खाल्लं नाही. एरवी घरात असं काही बोललं की आपल्याला गप्प बसवलं जातं. बायकांच्या चौकशा म्हणून हसलं जातं. इथे शेवटी निकाल त्याच गोष्टींवर लागतो आणि मोठमोठे पोलीस अधिकारी म्हातारीचं ऐकून घेतात. हे बघायला कुणाला आवडणार नाही?

मिस मार्पल आणि पॉयरो, दोघांनाही जन्म देणारी बाई एकच, अगाथा ख्रिस्ती. जगात शंभरावर भाषांत तिची पुस्तकं गेली. ६६ रहस्यकादंबऱ्या आणि १४ कथासंग्रह तिच्या नावावर आहेत. एवढं होऊनही कुठला सरकारी फॉर्म भरायचा झाला की व्यवसायाच्या रकान्यात ही बाई लेखिका असं लिहीतच नसे. विवाहित स्त्री, एवढंच लिही. आत्मचरित्रात तिने स्वतःच हे सांगितलंय. हे वाचलं तेव्हा मला आधी राग आला होता. तिचं सगळं आयुष्य वाचल्यावर तो बराच निवळला. का, ते पुढे कळेल.

१५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की या गावी अगाथाचा जन्म झाला. माहेरचं आडनाव मिलर. तीन भावंडांत ती शेंडेफळ. बहीण मॅज आणि भाऊ माँटी तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे. वडील अमेरिकन, वडिलोपार्जित पैशांवर आरामात जगणारे. आई क्लारा जरा तऱ्हेवाईक. मुलीला आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मुलगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचायला लागली! शाळा अशी तिला फारशी मिळालीच नाही. मोठी बाग होती, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या गप्पा होत्या. लंडनजवळ इलिंगला राहणारी एक आजी होती. माणूस कितीही सज्जन दिसला तरी त्याच्याविषयी वाईटात वाईट गृहीत धरायचं, हा तिचा खाक्या, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं. या आजीकडे नातीचं बारीक लक्ष होतं.

अगाथा अकरा वर्षांची असताना वडील गेले. पैसा आधीच आटत चालला होता. घर विकायचं की ठेवायचं, ही चर्चा तिने त्या वयात ऐकली. पुढे तिला पॅरिसला पाठवलं, पियानो आणि गाणं शिकायला. हात चांगला होता, पण चार लोकांसमोर बसलं की बोटं थरथरायची. स्टेजवर जायचं स्वप्न तिथेच संपलं. अठराएक वर्षांची असताना एकदा आजारी पडून कंटाळली होती, तेव्हा आईनेच सुचवलं की पडून आहेस तर एखादी गोष्ट लिही. तिने लिहिली. ती परत आली. आणखी लिहिल्या, त्याही परत आल्या.

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, तिने आर्ची ख्रिस्ती या सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्याशी लग्न केलं. घाईघाईत, धड तयारीही न करता. (हा आर्ची जन्माने आपल्याकडचा. त्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानात न्यायाधीश होते.) नवरा लगेच आघाडीवर गेला आणि ती टॉर्कीच्या इस्पितळात स्वयंसेविका म्हणून जखमी सैनिकांची शुश्रूषा करत राहिली. पुढे तिची बदली तिथल्या दवाखान्याच्या औषधघरात झाली. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची खोली हीच. लेखिका घडली ती या खोलीत, बाटल्यांच्या मधे.

औषधं तेव्हा हाताने बनवायची. तोलायची, खलायची, ओतायची. एक थेंब इकडचा तिकडे झाला की औषधाचं विष. ती परीक्षेला बसली आणि १९१७ मध्ये रीतसर पासही झाली. शिकवायला गावातला एक नावाजलेला औषधविक्रेता होता. खिशात तो एका जहाल विषाचा गोळा बाळगायचा. का, तर जवळ असला की आपल्यात बळ आल्यासारखं वाटतं म्हणून. पोरगी हे ऐकून गप्प राहिली, पण विसरली नाही. तब्बल चव्वेचाळीस वर्षांनी एका कादंबरीत तिने तशा माणसाला उभं केलं.

याच माणसाने एकदा औषधाच्या वड्या करताना दशांशचिन्ह चुकवलं. दहापट मात्रा पडली. हे तिच्या लक्षात आलं. पण ती शिकाऊ आणि तो गावाने मानलेला जाणकार; त्याला चूक म्हणणार कोण? आणि म्हटलं तर ऐकणार कोण? ती वड्यांचा ट्रे घेऊन निघाली आणि अडखळल्याचं नाटक करून सगळा ट्रे पाडला. वर वड्यांवर नीट पायही दिला. मग माफी मागितली, धांदरटपणाबद्दल बोलणी खाल्ली आणि सगळं नव्याने करायला लावलं. मैत्रिणींनो, हा प्रसंग वाचताना मला आपल्या किती तरी घरांतल्या किती तरी जणी आठवल्या. अक्कल दाखवता येत नाही म्हणून वेंधळेपणा पत्करायचा आणि होणारं नुकसान टाळायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुणाचा तरी जीव वाचतो, नाव मात्र कुठेच होत नाही.

मोठी बहीण मॅज हुशार, तिच्या गोष्टी छापूनही आलेल्या. तिने पूर्वी एकदा पैज लावली होती की गुप्तहेरकथा लिहिणं तुला जमायचं नाही. औषधघरात काम नसायचं तेव्हा निवांत वेळ मिळे, आणि आजूबाजूला फळीवर विषाच्या बाटल्या. तिला विषप्रयोगाची गोष्ट सुचली. गुप्तहेर कोण करावा? टॉर्कीत तेव्हा बेल्जियममधून पळून आलेले निर्वासित राहत होते. त्यांच्यातलाच एक निवृत्त पोलीस अधिकारी तिने कल्पनेने रचला, बुटका, टापटिपीचा, जरासा आत्मप्रौढी मिरवणारा. हाच पॉयरो. पुस्तक एकामागून एक प्रकाशकांकडून परत आलं. शेवटी घेतलं गेलं ते अमेरिकेत १९२० मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तिच्या हाती पंचवीस पौंड पडले. करारात प्रकाशकाने तिला पुढच्या पुस्तकांसाठीही बांधून घेतलं होतं. ते तिला फार उशिरा उमजलं. औषधशास्त्राच्या एका मासिकाने मात्र विषाची माहिती अचूक दिल्याबद्दल या पुस्तकाचं कौतुक केलं, आणि त्याचा आनंद तिला जन्मभर पुरला.

तोवर १९१९ मध्ये मुलगी रोझालिंड झाली होती. नवऱ्याच्या नोकरीचं धड नव्हतं. लिहिणं चालू राहिलं ते घरखर्चाला हातभार म्हणून. एका वर्तमानपत्राने कादंबरी क्रमशः छापायला पाचशे पौंड दिले, त्यातून तिने स्वतःची मोटार घेतली आणि ती चालवायला शिकली. स्वतःच्या कमाईची गाडी! आपल्याकडे स्कूटी घेतल्यावर एखादीच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना, तेच.

आणि मग आलं १९२६ साल.

एप्रिलमध्ये आई गेली. माहेरचं जुनं घर आवरायला ती एकटीच टॉर्कीला जाऊन राहिली. ट्रंका, कपाटं, आईचे कपडे, पत्रं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, माणूस त्यात किती झिजतं ते. नवरा आला नाही. ऑगस्टमध्ये आला तो घटस्फोट मागायला. त्याला दुसरी मुलगी आवडली होती, नॅन्सी नील नावाची. इकडे जूनमध्येच अगाथाचं एक पुस्तक आलं होतं, ज्याच्या शेवटाने सगळे वाचक चक्रावून गेले होते. बाहेर नाव गाजतंय आणि घरात हे.

३ डिसेंबरच्या रात्री झोपलेल्या मुलीला बघून ती गाडी घेऊन बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी गाडी सरे परगण्यात एका उतारावर सापडली. आत तिचा फरकोट होता, ती नव्हती. मग काय विचारता! वर्तमानपत्रांनी धुमाकूळ घातला. हजारो माणसं रानं तुडवत होती, तळी गाळत होती. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉईल यांनी तर तिचा हातमोजा एका मांत्रिकासारख्या माणसाकडे नेऊन दाखवला. नवऱ्यावर खुनाचा संशय येऊ लागला. अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, ती दूर उत्तरेला हॅरोगेट गावातल्या एका हॉटेलात सापडली. तिथे ती पाहुण्यांबरोबर गप्पा मारत होती, नाचगाण्याला जात होती. हॉटेलच्या वहीत तिने आपलं आडनाव नील लिहिलं होतं. नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं आडनाव!

स्मृतिभ्रंश झाला होता, असं डॉक्टर आणि घरच्यांनी सांगितलं. लोकांनी ते मानलं नाही. नवऱ्याला धडा शिकवायला केलं, पुस्तक खपावं म्हणून केलं, असं अजूनही बोललं जातं. स्वतः अगाथा यावर पुढे जवळजवळ बोललीच नाही. एवढ्या जाडजूड आत्मचरित्रात या अकरा दिवसांवर एक ओळ नाही. मी गेली काही वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करते, त्यामुळे माझं मत सांगते. घर सोडून दोन दिवस कुठेतरी निघून गेलेल्या बाईला सगळे विचारतात की तू असं का केलंस. जायची वेळ का आली, हे विचारणारा एखादाच. तिचं न बोलणं मला तरी समजतं. जगभराच्या गुन्ह्यांची उकल करणाऱ्या बाईने आपली एक गोष्ट उकलू दिली नाही. तेवढा हक्क तिला होता.

घटस्फोट १९२८ मध्ये झाला. पैसे हवे होते म्हणून तिने एक पुस्तक अक्षरशः रेटून पूर्ण केलं. मन नसताना, आवडत नसताना लिहायचं, तेव्हा आपण हौशी न राहता व्यावसायिक झालो, असं ती पुढे सांगत असे. आडनाव मात्र ख्रिस्तीच ठेवावं लागलं, कारण पुस्तकं त्या नावावर खपत होती.

त्याच वर्षी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ती एकटी प्रवासाला निघाली. खरं तर तिकीट वेस्ट इंडीजचं काढलं होतं. निघण्याच्या दोन दिवस आधी एका जेवणात कुणीतरी बगदादचं वर्णन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिकीट बदललं आणि ओरिएंट एक्स्प्रेसने बगदादकडे गेली. सोबत कुणी नाही. इराकमध्ये उर येथे जुन्या नगराचं उत्खनन चाललं होतं, ते बघितलं, तिथल्या मंडळींशी ओळख झाली. १९३० मध्ये पुन्हा गेली तेव्हा तिला गाव दाखवायचं काम मॅक्स मॅलोवन या तरुण पुरातत्त्व अभ्यासकावर आलं. तो तिच्याहून जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. त्याने मागणी घातली तेव्हा तिने नाही म्हणण्याची सगळी कारणं पुढे केली, वयाचं तर सगळ्यात आधी. त्याने एकही मानलं नाही. ११ सप्टेंबर १९३० रोजी लग्न झालं. नवरी चाळिशीला चार दिवस कमी, नवरा सव्वीसचा. शेहेचाळीस वर्षांहून थोडा कमी, म्हणजे तिच्या मृत्यूपर्यंत हा संसार टिकला.

मॅक्सबरोबर ती दरवर्षी इराक-सीरियाच्या उत्खननांवर जायची. तिथे ती पाहुणी म्हणून बसून राहिली नाही. फोटो काढायची, सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवायची, स्वयंपाकघरावर लक्ष द्यायची. निमरूदला विहिरींच्या गाळात जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती कोरीव वस्तू मिळाल्या. त्या साफ करायच्या कशा, हा प्रश्न होता. अगाथाबाईंनी (आता बाई म्हणायलाच हवं) विणकामाची बारीक सुई घेतली आणि तोंडाला लावायच्या क्रीमची डबी उघडली. सुईने फटींतली माती काढायची आणि क्रीमने नाजूक हस्तिदंत न दुखावता पुसायचं. ते क्रीम एवढं लागायचं की चेहऱ्याला लावायला उरायचं नाही! संग्रहालयात त्या वस्तू बघणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मिस मार्पल या सगळ्याच्या अल्याडपल्याड जन्मली. पहिली गोष्ट डिसेंबर १९२७ मध्ये, म्हणजे त्या भयंकर वर्षानंतर वर्षभराने, आणि पहिली कादंबरी १९३० मध्ये. इलिंगच्या त्या आजीच्या मैत्रिणींमधून ती घडली. अविवाहित, पैशाने बेताची, गावाबाहेर फार न गेलेली म्हातारी. तिची पद्धत एकच. समोरचा मोठा लंडनचा माणूस असला तरी तिला तो गावातल्या कुणासारखा तरी वाटतो. खोटे हिशेब देणाऱ्या वाण्यासारखा, नाहीतर दोन मुलींना एकाच वेळी झुलवणाऱ्या पोस्टातल्या पोरासारखा. माणूस सगळीकडे सारखाच, हे तिचं शास्त्र. आणि तिच्यासमोर सगळे मोकळेपणी बोलतात, कारण विणकाम करणाऱ्या म्हातारीला कोण मोजतंय!

आमच्या बचत गटात एक आजी आहेत. हिशेब आला की डुलक्या काढतात, असं आम्ही सगळ्या समजत होतो. एकदा बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अमक्या पोरीने मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातलाय आणि वर ओढणी गळ्याशी धरून बसलीय, जरा बघ. पाहिलं, आणि त्यांचं खरं निघालं. आम्ही दहा जणी तिथे होतो, त्यातल्या दोघी तर समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेल्या. दिसलं आजींना. ती मुलगी आज तिच्या पायावर उभी आहे, एवढंच इथे सांगते.

गुप्तहेरकथांचं वेड आपल्याकडे इंग्रजांच्या मालिकांमधून आलं, असं मात्र समजू नका. विरारहून बस पकडून ज्या अर्नाळ्याला आपण समुद्र बघायला जातो, त्या गावाचं नाव मराठी रहस्यकथेने घरोघरी नेलं. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी बाबूराव अर्नाळकर या नावाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची माणसं आपल्या आईच्या पिढीने अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली. त्यांच्यावर इंग्रजी रहस्यकथांची छाप होती, पण गल्ल्या मुंबईच्या होत्या. बाबूराव १९९६ मध्ये गेले. शहाणी माणसं त्यांना साहित्यिक मानायला तयार नव्हती, आणि अगाथाबाईंच्या वाट्यालाही तिकडे थोडंफार तेच आलं. फरक एवढाच की तिकडे त्यांच्या गोष्टींच्या मालिका झाल्या, नव्या पिढीला त्या पुन्हा पुन्हा दाखवल्या गेल्या. झुंजारच्या वाट्याला तसं भाग्य आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. असो.

अगाथाबाई लिहायच्या कुठे? वाचकांना वाटे, समुद्राकडे खिडकी असलेली अभ्यासिका असेल. पत्रकार फोटो काढायला येत आणि लिहायची जागा दाखवा म्हणत, तेव्हा त्यांची पंचाईत होई. कारण तशी जागाच नव्हती. न डगमगणारं टेबल आणि टाइपरायटर, बस्स. कधी जेवणाचं टेबल, कधी झोपायच्या खोलीतलं हात-तोंड धुवायचं संगमरवरी टेबल. कथानक मनात जुळायचं ते भांडी घासताना किंवा अंघोळीच्या टबात बसून सफरचंदं खाताना. म्हणूनच त्या रकान्यातलं विवाहित स्त्री मला आता तितकं खुपत नाही. तिच्यासाठी घरकाम एकीकडे आणि लिहिणं दुसरीकडे असं कधी नव्हतंच. जे होतं ते एकाच टेबलावर होतं.

सगळंच गोड मानून घ्यावं असं मात्र नाही. तिच्या पुस्तकांत ज्यू, परदेशी, काळे लोक यांच्याविषयी आज वाचवत नाही असे शेरे आहेत. एका गाजलेल्या कादंबरीचं मूळ इंग्लंडमधलं नाव तर पुढे बदलावंच लागलं. मोलकरणी बहुतेक बावळट दाखवलेल्या. घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर काम करताना मला दिसतं ते अगदी उलट. घरात काय चाललंय याची खरी माहिती मालकिणीच्या आधी त्यांनाच असते.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा पन्नाशीतल्या अगाथाबाई पुन्हा एका इस्पितळाच्या औषधघरात कामाला लागल्या. मॅक्स परदेशात नेमणुकीवर होते. आपण यातून वाचू न वाचू, म्हणून त्यांनी दोन पुस्तकं लिहून कुलुपात ठेवली. पॉयरोची शेवटची गोष्ट मुलीच्या नावे, मिस मार्पलची नवऱ्याच्या नावे. विम्यासारखी तरतूदच ती. रोझालिंडचा नवरा १९४४ मध्ये युद्धात मारला गेला. तिच्या पदरात वर्षाचं बाळ, मॅथ्यू. हा नातू नऊ वर्षांचा झाला तेव्हा आजीने त्याला एका नव्या नाटकाचे हक्क वाढदिवसाची भेट म्हणून दिले. ते नाटक म्हणजे ‘द माउसट्रॅप’. २५ नोव्हेंबर १९५२ पासून लंडनमध्ये चालू आहे. करोनाच्या साथीत २०२० मध्ये थांबलं तेवढंच, २०२१ मध्ये परत सुरू झालं. नातवाचं कल्याण झालं, यात नवल नाही!

याच नाटकाने विक्रम केला म्हणून १९५८ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात मोठा समारंभ होता. अगाथाबाई एकट्या, वेळेच्या जरा आधी पोचल्या. दारावरच्या माणसाने त्यांना ओळखलं नाही आणि आत जायची वेळ झाली नाही म्हणून परतवलं. मी कोण आहे, असं एक वाक्य बोलल्या असत्या तर भागलं असतं. त्या मुकाट्याने मागे फिरल्या आणि बाहेर बसून राहिल्या, कुणीतरी येऊन सोडवीपर्यंत. साठी उलटलेली, जाडसर, साधीशी बाई. मिस मार्पलला तरी कुणी कुठे ओळखायचं?

त्यांची पुस्तकं आपल्या पडद्यावरही पूर्वीच येऊन गेली आहेत. ‘गुमनाम’ (१९६५) आणि ‘धुंद’ (१९७३) तुम्ही पाहिले असतील. दोन्हींचं मूळ अगाथाबाईंकडे. बंगालीत ऋतुपर्णो घोष यांनी २००३ मध्ये ‘शुभ महूरत’ केला, त्यात राखीने साकारलेली रांगा पिशीमा म्हणजे चक्क कोलकात्याची मिस मार्पल. घरात बसून, मांजरं सांभाळत गुन्हा उलगडणारी आत्या.

१९७१ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्यांना डेम हा किताब दिला. १९७५ मध्ये कुलुपातली पॉयरोची शेवटची गोष्ट बाहेर आली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर पॉयरोची मृत्युवार्ता छापली. कादंबरीतल्या माणसाची! १२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफर्डजवळच्या घरी अगाथाबाईंचं निधन झालं. वय पंच्याऐंशी.

त्या गेल्यानंतर वर्षभराने, १९७७ मध्ये, लंडनच्या एका इस्पितळात कतारहून एक दीड वर्षाची मुलगी आणली होती. बाळ शुद्धीत नव्हतं आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. तिची देखभाल करणारी परिचारिका तेव्हा अगाथाबाईंची एक कादंबरी वाचत होती, खिशात विष घेऊन फिरणाऱ्या त्या औषधविक्रेत्यावरून जी सुचली होती तीच. त्यात थॅलियम या विषाने केस गळतात असं दिलंय. या बाळाचेही केस विरळ होत चालले होते. परिचारिकेने डॉक्टरांच्या फेरीत धीर करून ते बोलून दाखवलं. डॉक्टरांनी तपासणी करून घेतली आणि थॅलियमच निघालं. घरात झुरळं-उंदरांसाठी वापरलेल्या औषधातून ते पोटात गेलं होतं. मुलगी बरी झाली. तिथे त्या परिचारिकेला ट्रे पाडायची वेळ आली नाही.

राहिल्या मालिका. पडद्यावर आपल्या गोष्टींचं जे करतात ते अगाथाबाईंना बहुधा आवडत नसे. १९६० नंतर आलेल्या चित्रपटांत मिस मार्पल झालेली नटी धिप्पाड आणि विनोदी होती. बाईंना ती माणूस म्हणून आवडली, मार्पल म्हणून पटली नाही. त्यांच्या मनातली मार्पल त्यांना फार पूर्वी दिसली होती. १९४०च्या दशकात त्यांच्याच एका नाटकात जोन हिक्सन नावाची नटी दुय्यम काम करत होती. बाईंनी तिला चिठ्ठी पाठवली होती की एखाद्या दिवशी तुम्ही माझी मिस मार्पल व्हावं.

जोन हिक्सन एका डॉक्टरची बायको, दोन मुलांची आई. आयुष्यभर मोलकरणी, घरमालकिणी, चुलत्या-मावश्या अशी छोटी छोटी कामं करत राहिली. १९६१च्या त्या मार्पलपटातही तिच्या वाट्याला घरकामवालीची भूमिका आली होती. चिठ्ठीनंतर चाळीसएक वर्षांनी बीबीसीने मार्पलच्या बाराही कादंबऱ्यांवर मालिका करायचं ठरवलं आणि तिला बोलावलं. पहिली गोष्ट २६ डिसेंबर १९८४ रोजी दाखवली गेली. जोनबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. चिठ्ठी लिहिणारी जाऊन आठ वर्षं झाली होती. शेवटची, बारावी गोष्ट १९९२च्या नाताळात आली, तेव्हा त्या शहाऐंशीच्या झाल्या होत्या. रात्री ओटा पुसून झाल्यावर डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर सुया घेऊन बसलेली दिसते ती हीच बाई.